सोफ्यामागची उशी

कमलाकरने आयुष्यात पन्नासेक हजार ॲफिडेव्हिटं टाइप केली असतील, पण तू स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंस ते लिही, असं त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते पोटच्या पोरीने. तेही सकाळी साडेनऊला, पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून तो लॅपटॉपची वायर जगनच्या बोर्डात खुपसत होता तेव्हा. फोनवर आभाचा आवाज येऊन पडला होता, एक मिनिट बारा सेकंद. "बाबा, ग्रीन कार्डाचा अर्ज करायचाय. मार्चमध्ये दोन वर्षं होतात ना. लग्नावर मिळालेलं कार्ड अटींवर असतं, आता त्या अटी काढून घ्यायच्या. आम्हाला जवळून बघितलेल्या माणसाचं लिहून लागतं, की लग्न खरं आहे. तुम्ही आणि आई दोन महिने राहून गेलात, तर तुम्ही लिहा. पण तुमचा तो नेहमीचा नमुना नको हं. वकीलबाई म्हणाली, त्यांनी स्वतः काय पाहिलं तेच लिहायचं. यादी पाठवलीय तिची. बाकी ठीक. जेवलात का? अरे हो, तुमच्याकडे सकाळ आहे."

कमलाकरने ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून जगन म्हणाला, "काय रे, पोरीचा फोन आणि तू गप्प? तब्येत बरी आहे ना?" जगन स्टॅम्पपेपर विकायचा आणि गेली वीस वर्षं कमलाकरचा रोजचा बकरा होता. विमानतळाचं काम चालू असताना कमलाकरने त्याला टाइप करून, गोल शिक्का मारून नोटीस दिली होती, की सदर टेबल व खुर्ची धावपट्टीच्या विस्तारात बाधित होत असून हरकती सात दिवसांत नोंदवाव्यात. जगनने खरोखरच हरकत लिहून आणली होती, ती टाइपही कमलाकरनेच करून दिली, वर चहा उकळला. तेव्हा आता त्याच्या तोंडावर काही ना काही फेकायला हवं होतं. जिभेवर काही आलंच नाही. जिभेवर आली एक उशी. निळ्या चौकड्यांची, अमेरिकेत, पोरीच्या एडिसनच्या त्या फ्लॅटमध्ये सोफा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उभी केलेली, वर घडी घातलेली शाल.

नमुना म्हणजे त्याची रोजीरोटी. शिक्षणात खंड पडला त्याचा एक नमुना, नाव बदललं त्याचा एक, रेशनकार्ड हरवलं त्याचा एक. माणूस समोर येऊन उभा राहिला, की चपलेवरून कमलाकर ओळखायचा कुठला नमुना उघडायचा ते. मी खाली सही करणार, वय अमुक, राहणार तमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. त्या 'की'च्या पुढे काय येतं याच्याशी त्याने कधी मतलब ठेवला नाही. एकदा गंगाबाई नावाची म्हातारी, नवरा बेपत्ता असल्याचं लिहून घ्यायला आली होती. नवरा मागे उभा राहून विडी ओढत होता. कमलाकरने दोघांनाही चहा पाजला आणि बेपत्ता टाइप केलं. गावभर सांगितला होता तो किस्सा. आज तो किस्सा आठवला तेव्हा पहिल्यांदा त्याला म्हातारीचं तोंड आठवलं. ती नवऱ्याकडे बघतच नव्हती. तिच्या दृष्टीने तो खरोखरच बेपत्ता असावा.

एडिसनला तो पहाटे पाचला उठायचा. देश बदलला तरी पोट घरच्या, सुकापूरच्या घड्याळावर. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी अंधारात चष्मा सोफ्यामागे पडला म्हणून त्याने फटीत हात घातला, तर हाताला उशी लागली, आणि ती गरम होती. बस, एवढंच. भूत दिसलं नाही, भांडण ऐकलं नाही. गरम उशी. हॉलमध्ये कोणी नव्हतं, आतल्या खोलीचं दार लोटलेलं, बाथरूममध्ये पाण्याचा आवाज. त्याने हात असा मागे घेतला, जणू तो कोणाच्या खिशात गेला होता. मग रोज पाहायचा. रोज असायची, एकसारखी घडी. दोन महिन्यांत त्याने त्या दोघांचं एकही भांडण ऐकलं नाही. जावई, देवेश, आभाला विचारायचा, दूध संपलंय का, ती म्हणायची, हो, आणते. ती त्याला विचारायची, उशीर होणार का, तो म्हणायचा, नाही. हॉटेलातले दोन वेटर एकमेकांशी बोलतात तसं, गिऱ्हाइकाला त्रास नको. कमलाकरने तेव्हाच मनात ठरवून टाकलं होतं, जावई बाहेर झोपतो. जावयानेच बाहेर झोपायचं असतं, एवढं त्याला स्वतःवरून माहीत होतं.

कारण तो स्वतः घरजावई. बत्तीस वर्षांपूर्वी तुळशीरामच्या अंगणात हळद लागली तेव्हा सासऱ्याने सगळ्या वऱ्हाडासमोर अट घातली होती, "पोरगी आमची येकुलती हाय. ऱ्हायाचं हितंच. आरनाव तुमचं ठेवा, घर आमचं." जुन्या पनवेलात भाड्याच्या दीड खोलीत तिसऱ्या भावाच्या पायाशी झोपणाऱ्या कमलाकरला त्यात हसण्यासारखं खूप दिसलं, आणि तो हसत हसत आत आला. तुळशीरामची भातशेती गेली, मिठागर गेलं, त्या जागी प्लॉट मिळाला, प्लॉटवर तीन मजले चढले, मार्बलची पडवी झाली, आणि त्या पडवीत खुर्ची टाकून ऐंशी पार केलेला तुळशीराम अजूनही त्याला हाक मारतो, "पावनं, च्या पिलं का?" पाव्हणं. बत्तीस वर्षं. कमलाकर हा किस्साही गावभर सांगायचा. आपला व्हिसा अजून टुरिस्टचाच आहे, म्हणायचा, आणि लोक पोट धरून हसायचे.

दुपारी त्याने दोन खंड आणि एक नावबदल उरकला, "आज डोकं चालत नाही" म्हणून टेबल गुंडाळलं. जगन म्हणाला, "आता काय नवीन काढतोयस?" खरं सांगितलेलं कोणी मानत नाही, हे त्याच्या आयुष्यात नवं नव्हतं. नवं एवढंच, की आज ते बोचलं. सुकापूरला जाताना रिक्षात त्याने वकीलबाईची यादी उघडली. दोघांच्या नावचं बँकखातं. दोघांच्या नावचा भाडेकरार. दोघांच्या नावची बिलं, विमा, एकत्र काढलेले फोटो, एकत्र केलेले प्रवास. खाली बारीक अक्षरात, अर्ज नवरा-बायकोने मिळून, दोघांच्या सह्यांनी करायचा. आणि त्याच्याही खाली, लग्न मोडलं असेल तर एकट्यानेही करता येतो, घटस्फोटाचा कागद जोडून. मात्र लग्न करताना ते खऱ्या मनाने केलं होतं, हे दाखवावं लागेल. हे शेवटचं कमलाकरने तीनदा वाचलं. अर्जांच्या जंगलात आयुष्य काढलेल्या माणसाला चोरवाट लगेच दिसते. पण चोरवाट आहे एवढं दिसून काय उपयोग, ज्याला जायचंय तो कुठे म्हणतोय जायचंय?

घरी आला. तुळशीराम पडवीत पेंगत होता. बायको, चंद्रावती, आत कोलीम, ती बारीक कोळंबी, साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, "लवकर आलात. जेवाला वाढू का?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "हात धुवा." झालं. हॉटेलातले वेटर. तो हात धुता धुता थांबला. जेवण झाल्यावर तो गंमत म्हणून कपाट उघडून बसला. गंमत म्हणून, असं त्याने स्वतःलाच सांगितलं. समजा उद्या कोणी म्हणालं, कमलाकरराव, तुमच्या सुकापूरच्या वास्तव्यावरच्या अटी काढायच्या आहेत, पुरावे आणा. लाइट बिल, तुळशीराम. घरपट्टी, चंद्रावती. गॅस, तुळशीराम. रेशनकार्डावर त्याचं नाव होतं खरं, शेवटच्या ओळीत, नातं या रकान्यात, जावई. फोटोंचा अल्बम काढला. बत्तीस वर्षांचे फोटो. एकाही फोटोत तो बायकोशेजारी सरळ उभा नव्हता. कुठे जीभ काढलेली, कुठे तिच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगं, कुठे कॅमेरावाल्याला हसवण्यासाठी डोळे तिरळे. आणि प्रत्येक फोटोत चंद्रावती सरळ, कॅमेऱ्याकडे बघत, शेजारी काय चाललंय ते माहीत असल्यासारखी आणि ते संपायची वाट बघत असल्यासारखी. कुठल्याही साहेबाने हा अल्बम पाहिला तर म्हणेल, ही बाई खरी आहे, हा माणूस कोणीतरी मागून घुसलाय.

तो दिवाणावर टेकला. हा हॉलमधला दिवाण त्याचा, अकरा वर्षांपासून. कोणी ठरवलं नव्हतं. तुळशीरामला दमा झाला, रात्री कोणीतरी बाहेर असायला हवं, म्हणून चार दिवस तो हॉलमध्ये झोपला. दमा गेला. तो आत गेला नाही. तिने ये म्हटलं नाही. त्याने एकदा विनोद केला होता, आतल्या खोलीचं भाडं वाढलं वाटतं, आणि ती हसली नव्हती, मग विषयच संपला. सकाळी पेपरवाला यायच्या आत चंद्रावती त्याची उशी उचलून दिवाणाच्या पोटात ठेवते, वर चादर ताणते, तक्क्या लावते. बघणाऱ्याला हॉल म्हणजे हॉल. आभा तेव्हा सतरा वर्षांची होती, बारावीची पुस्तकं घेऊन याच दिवाणावर बसायची. तिच्या खाली, फळीच्या आत, बापाची उशी. ही गोष्ट कमलाकरला आजपर्यंत सुचली नव्हती. आता सुचली, तर दिवाणाची फळी त्याला बुडाखाली गरम लागायला लागली. तो उठून खुर्चीवर बसला.

सर्वांत वाईट आठवण त्याने शेवटपर्यंत लांब ठेवली होती, ती चार वाजता आलीच. परतीच्या दिवशी, नेवार्कच्या विमानतळावर. चंद्रावती बाथरूमला गेली होती, देवेश गाडी लावायला. बापलेक दोघंच, मध्ये चार बॅगा. आभा त्याच्या शर्टाचं बटण सरळ करत होती, सरळच असलेलं. म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय." तिचा आवाज खालून आला होता, विहिरीतून यावा तसा. आणि कमलाकरने काय केलं? त्याने खिसे चाचपले. डोळे मोठे केले. म्हणाला, "आभा, पासपोर्ट." ती पांढरी पडली. जमिनीवर बसून तिने चारही बॅगा उघडल्या, लोणच्याच्या बरण्या, आईच्या साड्या, सगळं त्या चकचकीत फरशीवर काढलं, आणि शोधता शोधता ती रडायला लागली. हमसून, पासपोर्टच्या मानाने फारच जास्त. तेव्हा त्याने मोज्यातून पासपोर्ट काढला आणि म्हणाला, "फसलीस." ती बघत राहिली. मग हसली. लहानपणापासून हसायची तशी, बापाचा विनोद आहे म्हणून. चंद्रावती आली, देवेश आला. ते 'एक' राहिलं. सात महिने कमलाकर स्वतःला सांगत होता, की तो नुसता मूडमध्ये होता. आज खुर्चीवर बसून त्याला स्वच्छ दिसलं, की त्याला भीती वाटली होती. पुढचं वाक्य ऐकू येऊ नये म्हणून त्याने बॉम्ब फोडला होता. तसा तो आयुष्यभर फोडत आला होता. जिथे जिथे कोणी काही सांगायला तोंड उघडलं, तिथे तिथे.

लॅपटॉप उघडला. मी खाली सही करणार. वय सत्तावन्न. राहणार सुकापूर. सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. कर्सर लुकलुकत राहिला. दोघं सुखाने नांदतात असं लिहिलं, तर तो स्वतःच्या हाताने पोरीला कडी लावणार. दहा वर्षांचं कार्ड आणि दहा वर्षांची उशी. गरम उशीचं लिहिलं, तर कार्ड जाईल, नोकरी जाईल, ती बॅग घेऊन याच हॉलमध्ये येऊन बसेल आणि तुळशीराम तिलाही विचारेल, च्या पिलंस का. दोन्हीकडून दार बाहेरून बंद. त्याने वकीलबाईची यादी परत वाचली, नेहमी अर्ज वाचतो तशी, बोट ठेवून, काय विचारलंय आणि काय विचारलेलं नाही. आणि त्याचं बोट थांबलं. लग्न खऱ्या मनाने केलं होतं का. सुखाचं आहे का, असं विचारलंच नव्हतं. तसं कुठल्याच फॉर्ममध्ये विचारत नाहीत, मग त्यालाच ते का लिहावंसं वाटत होतं?

खऱ्या मनाने केलं होतं का? तर त्याला खुराडं आठवलं. आभाच्या हळदीचा दिवस, भर दुपार, याच घराच्या मागे. तिला सकाळपासून ताप होता. हळदीनंतर लग्न लागेपर्यंत नवऱ्याने नवरीचं तोंड बघायचं नाही, आणि तुळशीराम असल्या बाबतीत कडक. देवेश खारघरचा, जन्माने अमेरिकेचा आणि वळणाने एकदम सोसायटीतला, चिखलात बूट घालायला घाबरणारा. तो मागच्या बाजूने भिंतीवरून उडी मारून आला, हातात तापाच्या गोळ्यांची पट्टी. कमलाकरने त्याला पकडलं. असा बकरा परत कधी मिळणार? त्याने कुजबुजून सांगितलं, "आजोबांनी बघितलंय तुला. कोयता आणायला गेलेत. लप." आणि त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात घातलं. पोरगं वाकून आत गेलं. कमलाकर मांडवात येऊन लोकांना सांगून हसला, जेवला, पान खाल्लं, विसरला. दीड तासाने आठवलं तेव्हा धावत गेला. देवेश तिथेच, गुडघे पोटाशी, केसांत पिसं, शर्टावर शिट, मुठीत पट्टी. खुराड्याला कडी नव्हती. तो कधीही पळू शकत होता. त्याने पहिलं वाक्य विचारलं ते असं, "ताप उतरला का तिचा? तेवढं सांगा, मग जातो."

कमलाकरने हे टाइप केलं. दिनांक घातला. खुराड्याची लांबी-रुंदी घातली. नमुन्यात नसलेलं वाक्य लिहिताना त्याची बोटं अडखळत होती, पहिल्यांदा टाइपरायटरवर बसल्यासारखी. हे पोरगं त्या दिवशी खरं होतं. ते पुढे कुठे गेलं, कोणी नेलं, ते त्याने पाहिलं नव्हतं. स्वतःचं तरी कुठे पाहिलं होतं?

पावणेसातला, बाहेर अंधारून आल्यावर, त्याने फोन लावला. तिकडे सकाळचे सव्वाआठ, आभा ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीतच. "झालं का बाबा लिहून?"

"झालं. खुराड्याचं लिहिलंय."

ती हसली. "अहो, ते काय? सरकारी कागद आहे तो."

"म्हणूनच. आता माझं ऐक. हा कागद दोन्ही अर्जांना चालतो. दोघांनी मिळून केला तरी, आणि तू एकटीने केलास तरी."

पलीकडून ती म्हणाली, "एकटीने कशाला?"

"आभा, ती सोफ्यामागची उशी कोणाची होती?"

"बाबा, आज नाही हं फसणार मी. पासपोर्टच्या वेळी फसले तेवढं पुरे."

इथे तो नेहमी हसायचा. इथेच त्याचं 'फसलीस' यायचं, ते ओठांपर्यंत आलंही. त्याने ते गिळलं. तो गप्प बसला. फोनवर गाड्यांची दारं लागत होती, कोणीतरी कोणाला गुड मॉर्निंग म्हणत होतं. सुकापूरवरून एक विमान खाली उतरत गेलं, खिडकीची काच थरथरली, थांबली. आपल्या बापाला एवढा वेळ गप्प बसलेला आभाने आयुष्यात ऐकला नव्हता.

"माझी," ती म्हणाली. "माझी होती, बाबा. त्याची नाही. त्याने कधी बाहेर जा म्हटलं नाही. तो वाईट नाही हो. सहीपण करतो म्हणालाय. मीच एक दिवस बाहेर झोपले आणि मग... आई दिवाणात ठेवायची, मी सोफ्यामागे."

कमलाकरने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग आता काय ठरवलंयस?"

"आत्ता दोघांनी मिळून करू. दहा वर्षांचं कार्ड येऊ दे. मग बघू."

"मग बघू म्हणत मी बत्तीस वर्षं काढली."

अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "आजोबांना कोण सांगणार?"

"मी. माझं त्यांना खोटंच वाटणार, तेवढ्यात तुझं काम होऊन जाईल." हे त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि पलीकडे ती हसली की रडली ते त्याला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. "मार्चपर्यंत वेळ आहे," तो म्हणाला. "वकीलबाईला आधी दुसरा रस्ता नीट विचार. दोघांच्या सहीचा कागद त्यानंतर. माझा कागद मी उद्या नोटरी करून पाठवतो. उशीचं त्यात लिहिलेलं नाही. ती त्यांनी विचारलेली नाही. ती मी विचारत होतो."

"विमानतळावर तेच सांगणार होते," आभा म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"आज विचारते तिला. दुपारी." मग तिच्या गाडीच्या काचेवर कोणीतरी टकटक केलं, आणि ती म्हणाली, "ठेवते. जेवून घ्या."

फोन ठेवला तेव्हा त्याला दिसलं, स्वयंपाकघराच्या दारात चंद्रावती उभी होती. कोलमाच्या हाताने, पदराला हात न लावता. किती वेळ, कोण जाणे. "मला तवाच कललं व्हतं," ती म्हणाली. "उशीचा अभ्रा मीच धुतला तिकरं. तिच्या तेलाचा वास व्हता."

"मग बोलली का नाहीस मला?"

"तुमाला?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात बत्तीस वर्षांचे फोटो होते.

ती मोरीवर गेली, हात धुतले, साबण लावून, सावकाश. परत आली ती सरळ दिवाणाकडे. तक्क्या बाजूला केला, चादर सारली, फळी उचलली आणि आतून त्याची उशी काढली. उशी छातीशी धरून हॉलच्या मधोमध उभी राहिली. आतल्या खोलीचं दार तिच्या उजव्या हाताला, पडवीचं डाव्या. पडवीतून तुळशीरामचा आवाज आला, "काय चाललाय गो? एवरी धावपल कसली?"

चंद्रावतीने उशीकडे पाहिलं. "काय नाय, बाबा," ती म्हणाली. "उशी उन्हात घालाची हाय."

बाहेर मिट्ट काळोख झाला होता, पडवीतला दिवासुद्धा लागला होता. अख्ख्या पनवेलात असा फुलटॉस कमलाकरने आजवर सोडला नव्हता. त्याने लॅपटॉपकडे तोंड फिरवलं, वरील मजकूर खरा व बरोबर आहे, एवढी ओळ टाइप केली, आणि मागे न बघता तिची पावलं कोणत्या दाराकडे जातात ते ऐकत बसला.